ऑफ-रोड एसयूव्हीच्या मागच्या लिफ्ट स्प्रिंगा कशा निवडाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागे किती मिमी लिफ्टच्या स्प्रिंगा घ्याव्यात?

सगळ्यांच्या तोंडी हाच प्रश्न आधी येतो. (लिफ्ट म्हणजे गाडी मूळ उंचीपेक्षा जितकी वर जाते तेवढी उंची.) पण सुरुवात वजनापासून करावी लागते. मागच्या ॲक्सलवर कायम किती वजन असणार हे कळलं की स्प्रिंगचा कडकपणा ठरतो, आणि उंची त्यातूनच निघते. खोक्यावर ‘५० मिमी लिफ्ट’ छापलेलं असतं ते ठराविक वजन गृहीत धरून. तीच स्प्रिंग रिकाम्या गाडीखाली ७० मिमी उचलेल आणि सामानाने भरलेल्या गाडीखाली जेमतेम २०. म्हणून कॅटलॉगमध्ये मिमीच्या आकड्याशेजारी लिहिलेला किलोचा आकडा जास्त महत्त्वाचा. तो ‘मूळ गाडीपेक्षा कायमचं जास्त वजन’ सांगतो की एकूण सामान, हेही विकणाऱ्याला विचारून घ्या. दोन कंपन्यांचे आकडे इथेच फसवतात.

‘कायमचं वजन’ म्हणजे नेमकं काय धरायचं?

गाडी घरी आल्यावरही जे खाली उतरत नाही ते. लोखंडी मागचा बंपर, स्टेपनीचा कॅरिअर, ड्रॉवर, जादा डिझेल टाकी, दुसरी बॅटरी. सहलीपुरता भरलेला फ्रिज, पाणी, तंबू, मागच्या सीटवरची माणसं हे जाऊन-येऊन असणारं वजन, त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

स्टेपनी आधीपासून मागेच असेल आणि ती नुसती नव्या कॅरिअरवर हलवली असेल तर तिचं वजन दुसऱ्यांदा मोजू नका. ही चूक फार होते आणि ३० किलोच्या आसपास फरक पाडते.

वजन अंदाजाने धरलं तर चालेल का?

वजनकाटा जवळ असेल तर अंदाज कशाला? टाकी फुल करा, कायमचं सामान आत ठेवा आणि तीनदा वजन घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळ आलं पाहिजे. फरक मोठा असेल तर गाडी तिरकी उभी होती किंवा काट्याबाहेरची जमीन समपातळीत नव्हती. मग सहलीच्या तयारीत एकदा पुन्हा काट्यावर या.

काटा नसेल तर हिशेब कागदावर मांडा, पण ॲक्सलपासूनचं अंतर धरून. ॲक्सलच्या मागे टांगलेलं वजन तरफेसारखं काम करतं आणि पुढची चाकं हलकी करून मागे स्वतःपेक्षा जास्त भार टाकतं. समजा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २७५० मिमी आहे:

- बंपर आणि कॅरिअर मिळून ७० किलो, ॲक्सलच्या ९०० मिमी मागे: मागच्या ॲक्सलवर ७० × (२७५० + ९००) ÷ २७५० = सुमारे ९३ किलो.
- ड्रॉवर ६० किलो, बरोबर ॲक्सलवर: ६० किलो.
- पाणी ५० लिटर, म्हणजे ५० किलो, पण ॲक्सलच्या ७०० मिमी पुढे: फक्त ३७ किलो.
- फ्रिज सामानासकट ३५ किलो, ॲक्सलवर: ३५ किलो.

कायमचं वजन १५३ किलो, सहलीचं आणखी ७२. ट्रेलर ओढत असाल तर हुकवरचा भार असाच मोजा. हुक ॲक्सलच्या ११०० मिमी मागे असेल तर त्यावरचे १०० किलो मागच्या ॲक्सलवर १४० किलो होतात, आणि पुढच्या ॲक्सलवरून ४० किलो कमी करतात. पाण्याची टाकी सीटच्या पाठीशी, पुढे सरकवून ठेवली की स्प्रिंगवरचा बराच ताण फुकटात कमी होतो, हे त्याच यादीतून दिसतं.

स्प्रिंग रेट म्हणजे काय, आणि तो माझ्या गाडीला कसा लागू करायचा?

स्प्रिंग १ मिमी दाबायला जितका जोर लागतो तो तिचा रेट. न्यूटन/मिमी, किलो/मिमी आणि पौंड/इंच अशी तीन एकके चालतात. १ किलो/मिमी म्हणजे ९.८१ न्यूटन/मिमी, म्हणजेच ५६ पौंड/इंच.

मागे सलग ॲक्सल असेल आणि स्प्रिंग थेट त्यावर उभी असेल तर हिशेब सरळ आहे. दोन्ही बाजूंना ३० न्यूटन/मिमीच्या स्प्रिंगा म्हणजे ॲक्सलला ६०. वरच्या उदाहरणातले १५३ किलो म्हणजे सुमारे १५०० न्यूटन, त्याने गाडी २५ मिमी बसेल. सहलीचे ७२ किलो चढले की आणखी १२ मिमी. स्प्रिंग कंट्रोल आर्मवर (ॲक्सलला चासीशी जोडणाऱ्या दांड्यावर) ॲक्सलच्या पुढे बसवलेली असेल, किंवा मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं स्वतंत्रपणे हलणारी रचना) असेल, तर चाकाजवळचा रेट स्प्रिंगच्या रेटपेक्षा कमी भरतो. तिथे दुसऱ्या गाडीचे आकडे उचलून वापरू नका.

उंच स्प्रिंग म्हणजे जास्त लिफ्ट ना?

नाही, आणि इथे पुष्कळ पैसा वाया जातो. दोन स्प्रिंगा शेजारी उभ्या केल्या:

पहिली मोकळी असताना ४२० मिमी, रेट २८ न्यूटन/मिमी. दुसरी ३९० मिमी, रेट ४२. प्रत्येकीवर गाडीचे ४२०० न्यूटन, म्हणजे साधारण ४२८ किलो. पहिली १५० मिमी दबून २७० वर थांबते. दुसरी १०० मिमी दबून २९० वर. म्हणजे ३० मिमी बुटकी दिसणारी स्प्रिंग गाडी २० मिमी जास्त उचलते. आता प्रत्येकीवर ६० किलो वाढवा. पहिली आणखी २१ मिमी बसते, दुसरी १४.

या सौद्याची दुसरी बाजू खडकाळ वाटेवर कळते. चाक खड्ड्यात उतरलं की पहिली स्प्रिंग १५० मिमीपर्यंत जोर लावत राहते, दुसरी १०० मिमीवरच सैल पडते. सैल पडलेली स्प्रिंग चाक जमिनीवर दाबत नाही, आणि शॉकअप लांब असेल तर ती जागेवरून निसटूही शकते. म्हणून हलकी गाडी घेऊन खडकांतून हळू चालवणाऱ्याने लांब आणि मऊ स्प्रिंगकडे झुकावं. भरलेली गाडी लांब पल्ल्याला नेणाऱ्याने कडक स्प्रिंगकडे.

पुढेमागे सामान वाढेलच, मग आत्ताच सगळ्यात कडक स्प्रिंग घेऊन ठेवू का?

कृपया नको. गाडीचे हेलकावे दर सेकंदाला किती होतात हे रेट आणि स्प्रिंगवरच्या वजनाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरतं. एका मागच्या कोपऱ्यावर स्प्रिंगच्या वरचं वजन ४५० किलो आणि रेट ३० असेल तर सेकंदाला सुमारे १.३ हेलकावे येतात. गाडी आरामात चालते. रेट ४५ केला की तेच १.६ होतात. मागच्या सीटवरच्या माणसाला प्रत्येक सांधा मणक्यात जाणवतो आणि खडबडीत कच्च्या रस्त्यावर मागची चाकं उड्या मारू लागतात. उडणाऱ्या चाकाला ना पकड, ना ब्रेक. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) तिथे लवकर चालू व्हायला लागते आणि थांबायचं अंतर वाढतं. त्याच ४५ च्या स्प्रिंगवर ६०० किलो ठेवले की हेलकावे १.४ वर येतात आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी वागते. म्हणजे स्प्रिंग वाईट नसते, वजनाशी जुळत नसते.

वर्षातले १० दिवस भरलेली आणि बाकी दिवस रिकामी अशी गाडी असेल तर रोजच्या वजनाला जुळणारी स्प्रिंग घ्या आणि वरच्या भारासाठी कॉइल स्प्रिंगच्या आत बसणारी एअर बॅग, म्हणजे हवेची पिशवी, लावा.

एअर बॅग किती भरवशाची?

कॉइलच्या आतल्या बॅगेचं काम मदतनिसाचं. रिकाम्या गाडीत बॅग चुरगळू नये म्हणून उत्पादकाने सांगितलेली किमान हवा ठेवायचीच, बहुतेकदा ५ पीएसआयच्या आसपास. भार चढला की गाडी मूळ उंचीला येईपर्यंतच हवा भरायची, तिच्या वर नाही. दोन्ही बाजूंना वेगळी नळी घ्या. एकच नळी जोडली तर वळणावर दाबली गेलेली बॅग आपली हवा पलीकडे ढकलते आणि गाडी जास्त लोळते. नळी सायलेन्सरपासून लांबून न्या. बॅग फुटली तरी स्प्रिंग गाडी धरून ठेवते, ही तिची मोठी जमेची बाजू.

कमान पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत चासी आणि ॲक्सल यांच्या मधोमध बसवलेल्या बॅगेबाबत मात्र सावध राहा. पाट्यांचा भार चासीवर दोन टोकांना विभागून जातो. बॅग तोच भार एका बिंदूवर टाकते. मागे लांब टांगलेलं जड सामान आणि पूर्ण फुगवलेल्या बॅगा या जोडीने चासी वाकल्याची आणि तडकल्याची उदाहरणं आहेत.

सरळ रेटची स्प्रिंग बरी की प्रोग्रेसिव्ह?

सरळ रेटच्या स्प्रिंगमध्ये वेढ्यांमधलं अंतर सारखं असतं आणि प्रत्येक मिमीला सारखाच जोर लागतो. वजन फारसं बदलत नसेल तर हीच घ्या. गाडी कशी वागेल ते आधी सांगता येतं आणि शॉकअपची जुळणीही सोपी जाते. प्रोग्रेसिव्हमध्ये काही वेढे जवळ असतात. भार वाढला की ते एकमेकांना टेकून कामातून जातात आणि उरलेली स्प्रिंग कडक होते. वजन रोज बदलणाऱ्या गाडीला ती सोयीची. घेताना एकच आकडा ऐकून समाधान मानू नका. सुरुवातीचा रेट, शेवटचा रेट आणि किती दाबल्यावर बदल होतो, हे तिन्ही विचारा.

गाडीखाली आधीच बसवलेल्या स्प्रिंगचा रेट कसा ओळखायचा?

तळाच्या वेढ्यावर पार्ट नंबर किंवा रंगाची खूण सापडते का पाहा. नसेल तर व्हर्निअर घ्या. तारेची जाडी मोजा, रंगाचा थर खरवडूनच. बाहेरच्या व्यासातून एक तारेची जाडी वजा केली की मधला व्यास मिळतो. मग जे वेढे मोकळे हलतात तेवढेच मोजा, बैठकीला टेकलेले सोडा.

रेट = ७८,५०० × जाडीचा चौथा घात ÷ (८ × मधल्या व्यासाचा घन × वेढे). सगळी मापं मिमीत, उत्तर न्यूटन/मिमीत.

तार १५ मिमी, मधला व्यास १२५, वेढे ७ असतील तर उत्तर सुमारे ३६ येतं. तार १६ मिमी केली की थेट ४७. एका मिमीने ३० टक्के कडकपणा वाढतो, म्हणून जाडी डोळ्यांनी ठरवू नये आणि रंगाच्या थरासकट मोजू नये.

फक्त मागून उचलली तर?

लांबच्या प्रवासाला गाडी मागे बसते म्हणून पुष्कळजण फक्त मागच्या स्प्रिंगा बदलतात. भार चढल्यावर गाडी मूळ पातळीला येत असेल तर हरकत नाही. पण रिकाम्या गाडीची शेपूट ५० मिमी वर गेली तर २७५० मिमीच्या व्हीलबेसवर सगळी गाडी साधारण १ अंश पुढे झुकते, आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंगचा अक्ष मागे कललेला असतो तो कोन) तेवढाच कमी होतो. स्टिअरिंग वळणानंतर आपसूक परत येत नाही, महामार्गावर गाडी भरकटल्यासारखी वाटते. हेडलाइटही खाली बघू लागतात.

स्पेसर लावून काम भागेल का?

१० ते २० मिमीची तडजोड करायला स्पेसर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाला घालायची जाड चकती, ठीक आहे. तो रेट बदलत नाही, म्हणून वजनाखाली बसणारी गाडी स्पेसर लावूनही तितकीच बसते. लक्षात ठेवायची गोष्ट अशी: स्पेसरने स्प्रिंगची खोलीच लहान होते. पूर्ण दाबात वेढे एकमेकांवर लोखंडाला लोखंड आपटू नयेत म्हणून बंप स्टॉपही (ॲक्सलचा वरचा प्रवास थांबवणारा रबरी ठोकळा) तेवढाच लांब करावा लागतो.

स्प्रिंग कापणं किंवा गॅसने तापवणं हे उपाय मात्र पूर्णपणे बाद. कापल्यावर टोक बैठकीत बसत नाही आणि रेट वाढतो. तापवल्यावर पोलादाचं पाणी उतरतं. अशी स्प्रिंग कधी तुटेल याचा नेम नाही.

शॉकअप जुनेच ठेवले तर चालतील?

लांबी आणि दाब, दोन्ही तपासा. गाडी ४० ते ५० मिमी उचलली की जुन्या शॉकअपचा खालचा प्रवास तेवढाच कमी होतो. चाक खड्ड्यात गेलं की शॉकअप ताणून खाडकन थांबतो, आणि तो धक्का त्याच्या वरच्या बुशावर जातो. काही महिन्यांत बुश फाटतो किंवा सील गळायला लागतं. दुसरं, कडक स्प्रिंग जास्त जोराने परत उसळते आणि जुन्या शॉकअपचा दाब तिला आवरू शकत नाही. स्पीडब्रेकरनंतर मागची बाजू एकदा उठून स्थिरावली पाहिजे. दोन-तीनदा डुलत असेल तर शॉकअप कमी पडतोय.

शॉकअप किती प्रवास करतो ते बघायला त्याच्या चकचकीत दांड्यावर, बॉडीला टेकवून, एक झिप टाय सैलसर बांधा. कच्च्या रस्त्यावर फेरी मारून या. टाय दांड्यावर जिथे सरकून थांबला असेल तिथपर्यंत शॉकअप दबला. मग बंप स्टॉपसमोरचा ॲक्सल बघा. सगळीकडे चिखलाचा थर आणि मधोमध रबराने पुसलेला गुळगुळीत ठसा असेल, तर तिथे टेकलंय. एखादाच ठसा काळजीचा नाही. रोज नवा ठसा म्हणजे रेट कमी आहे किंवा सामान जास्त.

स्प्रिंगा बदलल्यावर आणखी कशाकशाला हात लागतो?

*ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह.* टोयोटा लँड क्रूझर ८० सारख्या गाड्यांत चासीवरच्या व्हॉल्व्हपासून ॲक्सलपर्यंत एक दांडी जाते. बॉडी वर गेली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकला कमी दाब देतो, नेमका गाडी भरलेली असताना. दांडीचा ब्रॅकेट लिफ्टएवढा सरकवावा लागतो. हे काम सर्वांत जास्त वेळा राहून जातं, आणि सर्वांत महत्त्वाचं आहे.

*पॅनहार्ड रॉड.* ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून त्याला चासीशी जोडणारा हा दांडा. तो कमानीत फिरतो म्हणून लिफ्टनंतर ॲक्सल बाजूला सरकतो. ९०० मिमी लांबीच्या रॉडची दोन टोकं उंचीत ६० मिमी वरखाली असतील आणि लिफ्टने तो फरक ११० झाला, तर ॲक्सल जवळपास ५ मिमी एका बाजूला जातो. तेवढं चालतं. त्याहून जास्त सरकला तर लांबी बदलता येणारा रॉड घ्या. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरला मागे पॅनहार्ड रॉड नसतो, ॲक्सल मधल्या ए-फ्रेमने धरलेला असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

*ब्रेकची रबरी नळी, डिफचा ब्रीदर (डिफरन्शियलची हवा जाण्याची नळी), एबीएसची वायर, हँडब्रेक केबल.* ॲक्सल पूर्ण खाली सोडून प्रत्येकात ढील उरते का ते बघा. एक बाजू वर, एक बाजू खाली अशीही तपासणी करा. प्रवास शॉकअपने थांबला पाहिजे, नळीने नाही.

*प्रोपेलर शाफ्ट.* ठराविक वेगाला, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडल्यावर, जमिनीतून घरघर आली तर पिनियनचा (शाफ्ट ॲक्सलला जिथे जोडतो तिथल्या गिअरचा) कोन बिघडलाय. ५० मिमीपर्यंत सहसा निभावतं.

मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन असलेल्या गाड्यांना, उदाहरणार्थ मित्सुबिशी पजेरोच्या तिसऱ्या पिढीपासून पुढे, चाक फिरवणाऱ्या हाफ शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (वाकणाऱ्या सांध्याचा) कोन मर्यादा घालतो. तिथे ३० ते ४० मिमीवर थांबा आणि नंतर चारही चाकांचं अलाइनमेंट करा.

कमान पाट्यांच्या गाडीला हेच नियम?

वजनाचा हिशेब तोच. एक पाटा वाढवला की उंची आणि कडकपणा दोन्ही वाढतात. जुन्या, थकलेल्या पाट्यांत नवा पाटा घातला तर सगळा भार तोच उचलतो आणि लवकर तुटतो. पाटे बसलेले असतील तर पूर्ण जोड बदला. यू-बोल्ट नवेच घ्या, ते एकदा ताणले की पुन्हा तितके धरत नाहीत. पहिल्या काहीशे किमीनंतर परत टॉर्क तपासा. शॅकल (पाट्याचं टोक चासीला लटकवणारी हलती कडी) उलट बाजूला कललेला दिसला तर त्याचा कोन बिघडलाय. ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये उंच ठोकळा घालून लिफ्ट मिळवू नका, एकावर एक ठोकळे तर कधीच नाही. ॲक्सल जोर लागताच पीळ खातो आणि पाटे एस आकारात वाकतात.

बसवताना क्रम काय?

सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडसर. आधी चारही चाकांचं हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा माप बिघडवते.

१. मागून उचलून चासीखाली स्टँड लावा, ॲक्सलखाली जॅक ठेवा. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका.
२. चाकं काढा. व्हॉल्व्हची दांडी, ब्रेक नळीचा ब्रॅकेट, ब्रीदर, अँटी-रोल बारच्या लिंक सोडवा.
३. शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक हळूहळू उतरवा. ॲक्सल ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका.
४. स्प्रिंग ॲक्सल उतरल्यावर सैल होते. तरीही दाबात असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर लावा, पहारीने उचकटू नका.
५. वरचं रबर चिरलेलं असेल तर बदला. नवी स्प्रिंग गोल फिरवून तारेचं टोक बैठकीतल्या खाचेच्या अडसराला टेकवा. बोट घालून बघा, मध्ये फट राहिली तर पहिल्याच खड्ड्यात स्प्रिंग फिरून खट्ट वाजते.
६. ॲक्सल वर घ्या, शॉकअप आणि बाकी सगळं जोडा, चाकं लावा, गाडी खाली आणा.
७. कंट्रोल आर्म आणि पॅनहार्ड रॉडचे बोल्ट ढिले करा, गाडी थोडी पुढे-मागे ढकला, मग भार चाकांवर असतानाच पूर्ण टॉर्कने आवळा. ॲक्सल लोंबकळत असताना आवळले तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि फाटतात.

कडक स्प्रिंग लावल्याने गाडीची वजन मर्यादा वाढते का?

नाही. चासी, ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच आहेत. कागदपत्रांवरचा एकूण वजनाचा आणि ॲक्सलचा आकडा तसाच लागू राहतो. गाडी सपाट उभी दिसते म्हणून ती जास्त भरली जाते, हा कडक स्प्रिंगचा खरा धोका.

नव्या स्प्रिंगा लावूनही गाडी एका बाजूला झुकते. स्प्रिंग खराब निघाली का?

आधी स्प्रिंगांवरच्या खुणा बघा. डाव्या-उजव्यासाठी वेगळ्या उंचीच्या असतील आणि उलट बसल्या असतील तर एवढंच पुरतं. इंधन टाकी आणि चालक एका बाजूला असतात म्हणून हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. खुणा बरोबर असतील तर झुकाव पुढून येतोय की मागून ते शोधा. पुढच्या क्रॉस मेंबरच्या बरोबर मध्यावर जॅक लावा, दोन्ही पुढची चाकं जमिनीवरून जरा सुटतील इतकंच उचला, आणि मागची मापं घ्या. आता पुढच्या स्प्रिंगांचा शब्द चालत नाही. झुकाव गेला तर दोष पुढे आहे. तसाच राहिला तर मागच्या दोन्ही स्प्रिंगांची अदलाबदल करून परत मोजा. झुकाव स्प्रिंगसोबत दुसऱ्या बाजूला गेला तरच स्प्रिंग बदलून मागा. जागेवरच राहिला तर सामानाची मांडणी बघा, आणि ती बदलण्यासारखी नसेल तर गाडी ज्या बाजूला झुकलीय त्या बाजूला १० मिमीचा स्पेसर घाला. हे सगळं पहिल्या ५०० ते १००० किमीनंतर करा. नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसतेच, आणि त्याआधी घेतलेलं माप पुन्हा घ्यावं लागतं.